छाती स्वच्छ

शिवणकाकू मंगळवारी दुपारी गेल्या आणि डॉक्टरबाईंना ते कळलं बुधवारी सकाळी, पहिला पेशंट आत यायच्या आधी. मोठ्या हॉस्पिटलमधल्या एका तरुण डॉक्टरचा फोन होता. आवाज जागरणाने बसलेला, पण बोलणं अदबीचं. तुमच्या एक पेशंट नऊ दिवसांपूर्वी थंडी वाजून तापाने आमच्याकडे आल्या होत्या, लघवीतला जंतू रक्तात गेला होता, काल गेल्या, असं त्याने सांगितलं. कागद पूर्ण करायचे होते. त्यासाठी आजवर त्यांना कुठकुठली अँटिबायोटिक दिली होती तेवढं त्याला हवं होतं.

बघून कळवते, असं म्हणून डॉक्टरबाई फोन ठेवणार होत्या. पण राहवलं नाही. कशाचाच उपयोग झाला नाही का, असं त्यांनी विचारलं.

"मॅडम, सोळा औषधं तपासली," तो म्हणाला. "एकालाही जंतू दाद देईना. शेवटचं एक राखीव ठेवलेलं दिलं, तर किडन्यांनी हात टेकले."

शिवणकाकू दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहत. वय बासष्ट. खिडकीला मशीन लावून शाळेचे गणवेश शिवत. गेली पंधरा वर्षं घसा धरला, नाक गळलं की काकू दवाखान्यात हजर. जीभ तिखट, पण कुणाला लागेल असं बोलायच्या नाहीत. "तुम्ही माझं शरीर शिवा, मी तुमचे कपडे शिवते, फिटंफाट," असं दर वेळी म्हणायच्या आणि दर वेळी स्वतःच हसायच्या. कामातून उठून तशाच यायच्या, त्यामुळे कपड्यांना टाचण्या टोचलेल्या असत. पाठीवर स्टेथोस्कोप लावताना एकदा डॉक्टरबाईंच्या बोटात टाचणी घुसली होती, तर काकूंनीच त्यांचं बोट धरून फुंकर घातली होती.

डॉक्टरबाईंनी मामांना केसपेपर काढायला सांगितलं. मामा म्हणजे त्यांचे कंपाउंडर. दवाखाना उघडला त्या दिवसापासून, बावीस वर्षं, गोळ्यांच्या खिडकीमागे बसलेले. म्हातारेकोतारेसुद्धा त्यांना मामाच म्हणत. मामांनी आणून ठेवला तो पेपर कसला, बाडच होतं.

तीन दिवस सर्दी-खोकला. ताप नाही. घसा लाल. छाती स्वच्छ. आणि त्याच्याखाली, त्याच शाईत: कॅप्सूल, दिवसातून तीनदा, पाच दिवस. डॉक्टरबाईंनी पान उलटलं. दोन दिवस खोकला. छाती स्वच्छ. गोळी, सकाळ-संध्याकाळ. पुढचं पान. नाक चोंदलेलं, अंग दुखतंय. छाती स्वच्छ. कॅप्सूल. गेल्या आठ वर्षांत काकू एकोणीस वेळा खोकला घेऊन आल्या होत्या. एकोणीस वेळा डॉक्टरबाईंनी छाती नीट ऐकून ती स्वच्छ असल्याचं लिहिलं होतं आणि एकोणीस वेळा खाली अँटिबायोटिक लिहिलं होतं.

त्यांना माहीत नव्हतं असं नाही. असल्या खोकल्याला बहुतेक वेळा या औषधाचा काडीचा उपयोग नसतो, उलट पोटातले जंतू औषधाला सरावतात, हे त्या कॉलेजात शिकल्या होत्या आणि तोंडी परीक्षेत घडाघडा सांगून पासही झाल्या होत्या. मग का दिलं? एका पानाच्या समासात त्यांचंच अक्षर होतं: "उद्या गणवेश द्यायचेत म्हणते." दुसऱ्या एका दिवशी, त्यांना आठवलं, बाहेर चाळीस माणसं होती. समजावत बसायला पाच मिनिटं लागतात, लिहायला पाच सेकंद. बाकीच्या वेळांचं कारण काही आठवेना. बहुधा कारण नव्हतंच.

दुपारी त्यांनी हॉस्पिटलला फोन करून यादी वाचून दाखवली. तरुण डॉक्टर पलीकडे लिहून घेत होता. मध्येच त्याचं पेन थांबलं, पुन्हा चालू झालं. शेवटी तो म्हणाला की एवढ्यावरून काही म्हणता येत नाही, कुठल्या गोळीने काय केलं हे कुणालाच सांगता यायचं नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून बोलला असणार. पण ठपका आला असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. इथे भांडायला समोर कुणी नव्हतं.

पुढच्या सोमवारी डॉक्टरबाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. मामा मागे पाणी तापवत होते. त्या टेबलाशी बसून पेनात शाई भरत होत्या, आणि बाहेर कुणीतरी खोकलं. दोन आखूड, एक लांब, मग घसा साफ केल्याचा आवाज. पंधरा वर्षं ऐकलेली धाटणी. डॉक्टरबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "या काकू, आत या."

आणि मग हात तसाच थांबला.

त्यांच्या खोलीच्या दाराला धुरकट काच होती. तिच्यातून बाहेरचं माणूस दिसत नसे, नुसता आकार दिसे. खिडकीखालच्या खुर्चीत, काकू नेहमी बसायच्या तिथे, खांदे पुढे काढून बसलेला एक आकार होता. डॉक्टरबाई उठल्या, दार उघडलं. खुर्ची रिकामी. बाहेरचं दार अजून कडी लावलेलं.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. नवरा परगावी नोकरीला, मुलगी शिकायला दूर. फोनवर काय सांगणार, गेलेल्या पेशंटचा खोकला ऐकू येतो म्हणून? झोप कमी झालीये, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण खोकला येत राहिला. रोज नाही. पेशंटांची गर्दी असली तर नाहीच. दोन पेशंटांमध्ये एखादं रिकामं मिनिट पडलं, की काचेपलीकडे दोन आखूड, एक लांब. डॉक्टरबाईंनी रिकामं मिनिटच ठेवायचं सोडलं. एकाच्या पाठी दुसरा, घंटी वाजवून बोलावू लागल्या. त्याने त्या दमत, पण ऐकू येत नसे.

एकदा दुपारी दार किलकिलं राहिलं होतं, तेव्हा त्यांनी पाहिलं. एक बाई त्या खुर्चीत बसायला गेली आणि मामा खिडकीतून म्हणाले, "तिथं नका बसू ताई, ओली आहे." बाई निमूट बाकावर जाऊन बसली. खुर्ची कोरडीठाक होती. पेशंट संपल्यावर डॉक्टरबाईंनी मामांना त्याबद्दल विचारलं. मामांनी गोळ्यांच्या बरण्या एका रेषेत लावायला घेतल्या.

"उगीच," ते म्हणाले. "कुणीतरी बसलंय असं वाटतं मला."

दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्याच सुमारास डॉक्टरबाईंनी औषध देणं आवरायला घेतलं. ठरवून, शपथ घेऊन वगैरे नाही. एका सकाळी एका तरण्याताठ्या पोराच्या पेपरवर त्यांनी "छाती स्वच्छ" लिहिलं आणि खाली लिहायला हात उचलेना, एवढंच झालं. मग त्याला त्यांनी समोर बसवून सांगितलं की हा खोकला आपल्या पायांनी आलाय, आपल्या पायांनी जाईल. दोन-तीन आठवडे घेईल. त्या गोळीने तो एक दिवसही लवकर जायचा नाही. ताप उतरून परत चढला, धाप लागली, छातीत कळ आली, तर मात्र तडक ये. पोरगं मान हलवून गेलं. पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं लागली. महिन्याभरात त्यांना ते नेमक्या शब्दांत सांगता यायला लागलं. ज्यांची खात्री वाटत नसे त्यांना दोन दिवसांनी पुन्हा बोलावत, नाही आले तर स्वतः फोन करत.

सगळ्यांना ते पटलं असं नाही. गरम पाणी प्या आणि विश्रांती घ्या हे ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, एवढं तर माझी सासूपण सांगते, आणि तिच्याकडे रांगही नसते." बाहेर बसलेले सगळे हसले, डॉक्टरबाईही हसल्या. पण ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दवाखान्यात जाऊ लागले. त्यांच्यासारखे आणखीही गेले. मामा खिडकीतून जाणाऱ्यांकडे बघत आणि काही बोलत नसत. त्यांचं न बोलणं डॉक्टरबाईंना पुरतं ऐकू येई.

थंडी ऐन भरात असताना बेकरीवाले आले. दवाखान्यापासून चार दुकानं सोडून त्यांची बेकरी. धिप्पाड माणूस, भुवयांवर कायम पिठाची बारीक साय. दोन दिवस खोकला, कणकण, नाकाला धार. त्यांना बसायलाही वेळ नव्हता. भट्टी पेटती ठेवून आले होते. डॉक्टरबाईंनी त्यांना बळेच बसवलं. ताप शंभर. बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन पाहिला, अठ्ठ्याण्णव. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, अठरा. पाठीवर, कुशीत, पुढे, सगळीकडे ऐकलं. छाती स्वच्छ होती.

"मला ते सगळं नको," बेकरीवाले म्हणाले. "काकूंना द्यायचात ती द्या. दोन दिवसांत उभा राहीन."

काकूंचं नाव निघालं आणि डॉक्टरबाईंची नजर आपसूक काचेकडे गेली. त्यांनी ती ओढून आणली आणि आपलं सांगणं सांगितलं, नेहमीपेक्षा सावकाश, काय झालं तर परत यायचं तेही. कागदावर लिहूनही दिलं. बेकरीवाल्यांनी कागद घडी न घालता खिशात कोंबला. दारातून वळून ते म्हणाले, तुमच्याकडे यायचं ते काहीतरी घेऊन जायला, रिकामं जायला नाही. आणि गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी फोन केला. उचलला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, उचलला आणि बरे आहेत म्हणून तुटकपणे ठेवला. पाचव्या दिवशी दुपारी जेवायला घरी जाताना डॉक्टरबाई बेकरीवरून गेल्या. शटर अर्ध्यावर खाली होतं. त्या रस्त्याला बारा महिने चोवीस तास पावाचा वास असे, तो नव्हता. दहा पावलं पुढे जाऊन त्या थांबल्या. त्या मागे वळल्या आणि शटरखालून वाकून आत शिरल्या.

भट्टी विझलेली. ट्रे एकावर एक रचलेले. मागच्या दारातून जिना वर जात होता, आणि जिन्यातच त्यांना ऐकू आलं. खोकला नव्हता तो. श्वास होता, भात्यासारखा, उथळ आणि घाईचा.

बेकरीवाले भिंतीला टेकून बसले होते, आडवं होता येत नव्हतं म्हणून. ओठांवर निळसर छटा. डॉक्टरबाईंनी घड्याळ धरलं. मिनिटाला चौतीस. ऑक्सिजन एकोणनव्वद. उजव्या बाजूला खाली स्टेथोस्कोप ठेवला तर कोरड्या पाल्यावरून कुणी चालावं तशी करकर. न्यूमोनिया. आता औषध हवं होतं, आणि हेच हवं होतं, आणि उशीर झाला होता. त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि मगच विचारलं की तुम्ही परत का आला नाहीत, मी कागदावर लिहून दिलं होतं.

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग उशीजवळून काहीतरी उचलून डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवलं. दोन अर्धवट पट्ट्या. एकीत दोन कॅप्सूल उरलेल्या, दुसरीत एक गोळी. दोन्ही वेगळ्या.

"औषध चालू होतंच की," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, लागू पडायला वेळ लागतोय. काकूंच्या डब्यातलं आणलं. तुमचंच आहे ते."

डॉक्टरबाईंना आधी कळलंच नाही. वहिनी सांगत गेल्या. काकू कधी पट्टी पूर्ण संपवायच्या नाहीत. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या एका डब्यात टाकायच्या. गल्लीत कुणाला खोकला झाला की काकूंकडे जायचं. काकू गेल्या, पण डबा आहे. त्यांची मुलगी मागेल त्याला देते.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत डॉक्टरबाई त्या पट्ट्या मुठीत धरून बसल्या होत्या. एका पट्टीच्या मागे मामांनी पेनाने केलेली खूण होती: सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्यांच्याच खिडकीतून गेलेली. ज्या गोळीला त्यांनी नाही म्हटलं होतं ती मेलेल्या बाईच्या हातून त्या माणसापर्यंत पोचली होती, आणि तिने चार दिवस त्याला घरात बसवून ठेवलं होतं.

हॉस्पिटलात तो तरुण डॉक्टर भेटला. आवाजावरून वाटला होता त्याहूनही लहान होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. पहिल्या दिवशी छाती स्वच्छ होती तर तेव्हा काही द्यायचं नव्हतंच, असं तो म्हणाला. न्यूमोनिया नंतर झाला. त्या वेगवेगळ्या चार-सहा गोळ्यांनी भलं काही केलं नाही, वेळ तेवढा खाल्ला. मग पुन्हा तेच, की तुमची यात चूक म्हणता येणार नाही. डॉक्टरबाईंना त्या वाक्याचा आता धसका बसला होता.

दोन दिवस बेकरीवाले अतिदक्षता विभागात होते. ते दोन दिवस डॉक्टरबाईंनी दवाखाना उघडा ठेवला खरा, पण काचेकडे पाठ करून बसल्या. खुर्चीत आता दोघं होते. एक वाकलेला आकार, आणि त्याच्या शेजारी एक रुंद आकार, माणूस अजून जिवंत असताना. दिलं म्हणून एक आणि नाही दिलं म्हणून एक. पेशंटच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की त्यांना त्यात भाता ऐकू येई. दोन वेळा तर पेन उचलून नको असलेलं औषध त्यांनी जवळजवळ लिहिलंच, नुसतं तो आवाज थांबावा म्हणून. दुसऱ्या वेळी पेन बाजूला ठेवून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि तोंडावर पाणी मारून आल्या.

त्या दुपारी मामा आत येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"मीच सांगायचो," ते म्हणाले. "पट्टी देताना सांगायचो, बरं वाटलं तर उरलेल्या जपून ठेवा, पुढच्या खेपेला कामी येतील. काकूंना सांगायचो. सगळ्यांनाच सांगायचो. मला वाटायचं, माणसांचं भलं करतोय."

बावीस वर्षं ती खिडकी त्यांच्या टेबलापासून सहा हातांवर होती. त्यांनीही हे कधीतरी ऐकलं असणार. ऐकून सोडून दिलं असणार.

तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्यांचा ताप उतरला. त्यांच्या फुप्फुसातला जंतू साधा निघाला, पहिल्याच औषधाला त्याने दाद दिली. दहाव्या दिवशी ते घरी आले, अंगावरचं निम्मं मांस हॉस्पिटलात ठेवून. भट्टी पेटवायला पुढे महिना गेला. डॉक्टरबाईंशी ते पूर्वीसारखं बोलले नाहीत, वाईटही बोलले नाहीत. वहिनी मात्र एकदा येऊन, घरात शोधून काढलेल्या सगळ्या जुन्या गोळ्या टेबलावर ठेवून गेल्या.

ताप उतरल्याचं कळलं त्याच संध्याकाळी डॉक्टरबाई काकूंच्या घरी गेल्या. मुलगी नुकतीच कामावरून आली होती. ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर होती ती, तिशीच्या पुढची, आईसारखीच उंच. तिने दार उघडलं, बसा म्हणाली, पाणी दिलं. खिडकीतल्या मशीनवर चादर टाकलेली होती. डॉक्टरबाईंनी आडवळण न घेता डब्याबद्दल विचारलं.

मुलीने तो कपाटातून काढून दिला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, चांगला मोठा. आत चिंध्यांच्या छोट्या छोट्या पिशव्या होत्या, नीट शिवलेल्या, नाडी ओवलेल्या. प्रत्येक पिशवीवर रंगीत दोऱ्याचा टाका: निळा, लाल, हिरवा. मुलीने सांगितलं की आईला औषधांची नावं वाचता येत नव्हती, म्हणून तिची ही सोय. निळं खोकल्याचं, लाल तापाचं, हिरवं घशाचं. डॉक्टरबाईंनी एक निळी पिशवी उघडली. आत त्यांच्या आठ वर्षांतल्या पट्ट्या होत्या, तीन कॅप्सूल, दोन गोळ्या, एक, चार.

"सगळ्यांना द्यायची," मुलगी म्हणाली. "म्हणायची, डॉक्टरबाईंच्या हाताला गुण आहे. माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही."

डॉक्टरबाईंनी पिशवीची नाडी ओढून बंद केली. मग जे सांगायला आल्या होत्या ते सांगितलं. एकोणीस वेळा छाती स्वच्छ होती, एकोणीस वेळा अँटिबायोटिक दिलं. ते नको होतं. त्याने जंतू निर्ढावतात. हॉस्पिटलात काकूंना एकही औषध लागू पडलं नाही, त्याला हे कारण असू शकतं.

मुलगी उभी होती ती खाली बसली.

"म्हणजे आई तुमच्यामुळे गेली का?"

"ते सांगता येत नाही. कुणालाच सांगता यायचं नाही. पण जे नको होतं ते मी एकोणीस वेळा दिलं, हे सांगता येतं."

खाली गल्लीत कुणीतरी सायकल लावली, कुलूप लावलं, निघून गेलं. शेवटी मुलगी बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, ग्रंथालयाच्या खिडकीवरून बोलतात तसा.

"मलाही चार दिवस खोकला आहे. मला काय देणार?"

डॉक्टरबाईंनी आपल्या बॅगेतून स्टेथोस्कोप काढला. मग त्यांनी तिला पाठमोरं बसायला सांगितलं आणि ऐकलं. वरून खाली, डावीकडे, उजवीकडे, कुशीत, पुन्हा पुढून. ताप पाहिला, श्वास मोजले. एवढा वेळ लावून त्यांनी कित्येक वर्षांत कुणाला तपासलं नव्हतं. बेकरीवाल्यांनाही आधी असंच तपासलं होतं, हे मध्येच आठवलं तेव्हा त्यांनी उजवी बाजू खाली पुन्हा एकदा ऐकली.

मग त्यांनी सांगितलं की आज औषध लागणार नाही. अजून दहा-बारा दिवस खोकला राहील, सकाळी जास्त येईल. ताप आला, धाप लागली तर वेळ-काळ न बघता फोन करायचा. आणि परवा त्या स्वतः येऊन बघतील.

मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

"हे आईला सांगितलं असतंत तर तिने ऐकलं असतं," ती म्हणाली. "तुमचं ती सगळं ऐकायची."

डॉक्टरबाईंनी डबा उचलला. त्या गोळ्या पुढे हॉस्पिटलच्या औषधविभागात नष्ट करायला दिल्या. रिकाम्या पिशव्या मात्र त्यांनी मुलीला परत केल्या, आणि तिने त्या घेतल्या. तिला बघायला त्या कबूल केल्याप्रमाणे गेल्या. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा तिने दारातूनच बरं आहे म्हणून सांगितलं, आत बोलावलं नाही. तिसऱ्यांदा दार उघडलं नाही, पण आतून खोकला ऐकू आला, सुटलेला, ओला, जायच्या वाटेवरचा. डॉक्टरबाई जिन्यात उभ्या राहून तो पुरता ऐकूनच उतरल्या.

खिडकीखालच्या खुर्चीत रुंद आकार पुन्हा दिसला नाही. दुसरा कधीकधी दिसतो. डॉक्टरबाई आता उठून दार उघडत नाहीत आणि घाईघाईने घंटीही वाजवत नाहीत. तो खोकून होईपर्यंत थांबतात आणि मग पुढच्याला बोलावतात. मामा पट्टी देताना वेगळं सांगतात आता, आणि ज्याला पट्टी द्यायचीच नाही त्याला खिडकीतून बाहेर येऊन सांगतात. काही पेशंट परत आले, काही नाही आले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यासमोरची रांग अजून इथल्यापेक्षा लांब असते.

काकूंच्या मुलीचा फोन तिला तपासल्यापासून सोळाव्या दिवशी आला. मामांनी घेतला. आत पेशंट होता. डॉक्टरबाईंनी त्याला थांबवून हात पुढे केला, पण मामा तोवर रिसीव्हर खाली ठेवत होते. काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं.

"खोकला गेला म्हणाली," मामा म्हणाले. "एवढंच बोलली आणि ठेवला."